भूकंपाआधीचे पाय

१७ जुलै, बुधवार. लातूर.

सकाळी नळाला पाणी नाही. प्रज्ञा सहाच्या क्लासला गेली. (नातीचं नाव पुढे प्र. एवढंच लिहीन. डेपोच्या रजिस्टरची सवय.)

पोराचा, दिलीपचा, नांदेडहून फोन. मणक्याचं ऑपरेशन ठरलं, ३० ऑगस्ट. गादी सरकली म्हणतात, तिनं नस दाबली, म्हणून पाय कडक झाले. दोन वर्षं झाली त्याचे पाय ओढायला लागून. उजवी चप्पल मागं राहते आणि तो पुढं जातो. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे का. दि.नं सांगितलं, ‘नाही. वडलांचे पाय अधू आहेत, पण ते पाय भूकंपात गेले.’

मी ‘हाव’ म्हणालो. फोन ठेवला. भात खाली लागला.

१९ जुलै, शुक्रवार.

या गल्लीत प्रत्येक खोलीत एक पोर आणि एक म्हातारं. पोरं डॉक्टर व्हायला आलीत, म्हातारी भाकरी करायला. शेजारच्या खोलीत देवणीकडच्या गंगाबाई, नातवाबरोबर. मला म्हणतात, ‘एसटीचं स्टेरिंग सोडून पोळपाट धरला व्हय ड्रायव्हरसाब.’ दोन वर्षं हेच ऐकतो. बायको गेली नसती तर ही इथं आली असती, मी अहमदपूरला राहिलो असतो.

संध्याकाळी प्र. पाठ म्हणून दाखवते. पुस्तक माझ्या हातात, तिचे डोळे मिटलेले. पुस्तक इंग्रजी, मी सातवी. ती अडली की पुढच्या शब्दाची अक्षरं सांगतो. आज ‘के, आय, एन’ सांगितलं, ती पुढं गेली.

मग मराठीत सांगितलं. आपल्या नसेची पेशी कमरेत असते आणि तिचाच एक धागा थेट पायाच्या बोटापर्यंत जातो. एकच पेशी, मधे जोड नाही. बहुतेक माल वरच तयार होतो.

‘मग खाली बोटापर्यंत माल जातो कसा?’

‘चालत, आबा.’

मला वाटलं थट्टा करते. नाही. धाग्याच्या आत रूळ आहेत, त्यांवरून बारीक मोटारी जातात. चाकं नाहीत. दोन पाय आहेत, एक उचलायचा, एक टेकायचा. पाठीवर ओझं. कमरेपासून बोटापर्यंत पोचायला कुणाला दोन-तीन दिवस लागतात, कुणाला महिने.

चाळीस वर्षं गाड्यांत काढली, आणि माझ्याच पायात वाहतूक चालू होती ती आज कळली.

२२ जुलै, सोमवार.

हे कुठं लिहिलं नव्हतं. हिला माहीत होतं, बाकी कुणाला नाही.

माझे पाय भूकंपात गेले नाहीत. भूकंपाच्या दोन वर्षं आधी सुरू झालं. अहमदपूर–कंधार गाडीवर होतो. क्लचवरून पाय उचलायचा म्हटलं की तो जरा उशिरानं उठायचा. उजव्या बुटाचं टोक झिजायचं, टाच तशीच. स्टँडसमोरचा चांभार म्हणाला होता, ‘ड्रायव्हरसाब, तुमी चालता का खरडता?’ मी दुसऱ्या चांभाराकडं जायला लागलो.

मग ती पहाट. सासरवाडीला होतो, औसा तालुक्यात. घरं बसली. मेव्हणा किसन बाहेर, त्याची चार वर्षांची रुक्मिण आत. मी दोनदा आत गेलो. दुसऱ्यांदा माळवदाचा धोंडा मांडीवर आला. पोरगी निघाली. माझे पाय सहा महिने प्लास्टरमध्ये. त्यानंतर ते सुधारलेच नाहीत, आणि सगळे म्हणाले, भूकंपानं नेले. डेपोनं हलकं काम दिलं, कंट्रोलरच्या खोलीत रजिस्टर. मी काही बोललो नाही. खोटं असं एकदाही बोललो नाही. लोक म्हणायचे, मी मान हलवायचो.

आता त्या मान हलवण्यावर पोराची पाठ फाडणार आहेत.  

२५ जुलै, गुरुवार.

प्र.च्या शिंदे मॅडमना भेटलो. समोरच्या इमारतीत राहतात, आईला सांभाळतात. आठ-नऊ वर्षं बाहेर याच मोटारींवर संशोधन करून राहिल्या होत्या. आईला बरं नाही म्हणून लातूरला आल्या, क्लासमध्ये लागल्या.

मी विचारायला गेलो ते वेगळंच. प्र. अभ्यासाला मांडी घालून बसते, दोन-दोन तास. गुडघे दुमडल्यानं रूळ दबत असतील का. मी स्वतः तीन दिवस पाय सरळ करून झोपतो, कूस बदलत नाही, कंबर धरली आहे.

मॅडम हसल्या, पण चांगल्या मनानं हसल्या. ‘आजोबा, खुशाल मांडी घाला. ते रूळ वाकतात, मोडत नाहीत.’

मग चहा दिला आणि सांगितलं. मोटारीवर ओझं नसेल तर ती पळत नाही. कमरेतून दुमडते, शेपटी स्वतःच्याच पायांवर ठेवते आणि निपचित राहते. इंधन जळत नाही. रूळ मोकळे. ओझं आलं की मधे एक दलाल लागतो, एका हातानं ओझं धरतो, दुसऱ्यानं मोटारीची शेपटी उचलतो. शेपटी उठली की पाय मोकळे. मग चालायचं.

म्हणालो, ‘म्हणजे रिकामी गाडी सोडायची नाही.’

‘बरोबर. आणि तेच सगळ्यात अवघड. चालायचं कसं हे आम्हाला लवकर कळलं. थांबायचं कसं, हे अजून शोधून राहिलेत लोक.’

वरच्या साहेबाचा हुकूम असतो का, विचारलं. नाही म्हणाल्या. तिथं साहेब नाही. चिठ्ठी ओझ्यावरच असते.

२८ जुलै, रविवार.

दि. आणि सुनबाई आले. जिना चौदा पायऱ्यांचा. मी वर उभा राहून ऐकत होतो. कठडा धरून तो एकेक पाय कमरेतून फेकत आला. वर आल्यावर घाम पुसला, म्हणाला, ‘दादा, तुमचा जिना लई उभा हाय.’

जेवताना सुनबाई म्हणाली, ‘सासऱ्यांचे भूकंपानं नेले, यांचे मोटारसायकलनं. आमच्या घरात पाय टिकतच न्हाईत.’ गाडीवरून तो तीन वर्षांपूर्वी पडला होता, तेव्हापासून गादी सरकली असं डॉक्टरांचं म्हणणं. सगळे हसले, मीही.

सांगायचं ठरवलं होतं. प्र. समोर बसली होती. आतापर्यंत फक्त दि.च्या पाठीचा विचार केला होता. ती हसताना दिसली आणि घास ताटात ठेवला. माझ्याकडून त्याच्याकडं आलं असेल तर त्याच्याकडून पुढं कुणाकडं. बारावीचं वर्ष. सांगितलं तर ही काय अभ्यास करणार. नाही सांगितलं तर…

सव्वापाचच्या गाडीनं गेले. स्टँडवर सोडायला गेलो नाही. दोघांनी एकामागं एक तसं चालणं बरं दिसत नाही.

३१ जुलै, बुधवार.

बाहेर नेणाऱ्या मोटारी वेगळ्या, परत आणणाऱ्या वेगळ्या. रिकामी डबडी, झिजलेला माल, खालच्या बातम्या परत वर आणायच्या असतात. प्र. म्हणते, एकाच ओझ्याला दोन्ही तऱ्हेच्या मोटारी लागलेल्या असतात. मग ओढाओढ होत नाही का? होते, म्हणाली. कधी ओझं मागं-पुढं हेलपाटतं. बहुतेक वेळा एकीला बसवतात, दुसरी चालते. जिथं नसेला काम जास्त तिथं ओझं आपोआप उतरतं.

मॅडम भाजी घेताना भेटल्या. विचारलं, मोटार बिघडते ती कशी?

‘दोन तऱ्हा. उठायचं तेव्हा उठत नाही, किंवा बसायचं तेव्हा बसत नाही. बसत नाही तीही वाईटच, रिकामीच पळते, सगळ्या एका टोकाला जाऊन गोळा होतात. आखूड नसांना फारसं कळत नाही. लांब नसा आधी थकतात. पायांच्या.’

‘अशी बिघडलेली जन्मापासूनच असते?’

‘असू शकते. आईवडलांकडून येते.’ मग भेंडी निवडायची थांबल्या. ‘कुणाचं विचारताय आजोबा?’

म्हणालो, सहज. भेंडी न घेता घरी आलो.

४ ऑगस्ट, रविवार.

दिवसभर वडलांचं आठवतं.

आमचं मूळ गाव कंधार तालुक्यात. वडील चाळिशीत कात्रीसारखे चालायला लागले, गुडघ्याला गुडघा घासत. सगळं गाव सांगायचं, रझाकारांनी पायावर मारलं होतं. मारलं होतं हे खरं, पाठीवर वळ मीच पाहिले आहेत. त्यामुळं कुणी पुढं विचारलं नाही. पुढं आम्ही अहमदपूरला आलो आणि वडलांना चालताना पाहिलेलं माणूस इकडं कुणी राहिलं नाही.

वडलांना मार. मला धोंडा. दि.ला मोटारसायकल. तिन्ही गोष्टी खऱ्या.

पण सखूआत्या. वडलांची धाकटी बहीण. तीही तशीच चालायची. डोक्यावर घागर घेतली की मागून पाण्याची रेघ पडत जायची, आम्ही पोरं त्या रेघेवरून पळायचो. आत्याला कुणी मारलं नव्हतं. आत्यावर काही पडलं नव्हतं.

एवढं साठ वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही. की येऊ दिलं नाही.

७ ऑगस्ट, बुधवार.

सकाळी प्र. उंबऱ्याला अडखळली. माझ्या हातातला तवा सांडशीतून सुटला.

‘आबा, काय झालं? सँडलचा पट्टा तुटलाय माझा.’

ती अंघोळीला गेल्यावर तिचे तिन्ही जोड बाहेर उजेडात नेऊन पाहिले. टाचेला झिजलेत. पुढं नाहीत. दोनदा पाहिलं, बोट फिरवून. गंगाबाई दारात उभ्या होत्या. ‘काय ड्रायव्हरसाब, टायर तपासून राहिले?’

त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि आत जाऊन वाटीत खोबऱ्याची चटणी आणून दिली. 

टाच झिजली म्हणजे आज काही नाही. माझंही सतराव्या वर्षी काही नव्हतं. सतराव्या वर्षी मी कबड्डी खेळायचो.

११ ऑगस्ट, रविवार.

मॅडमकडं गेलो. सगळं सांगितलं. वडील, आत्या, बुटाचं टोक, मान हलवणं. 

मग म्हणाल्या, असा आजार आहे. मेंदूपासून कमरेपर्यंत येणाऱ्या लांब नसा हळूहळू थकतात. जीव जात नाही, पाय जातात. काही घरांत त्याचं कारण याच मोटारींतला दोष असतं. तुमचं तेच आहे असं मी म्हणू शकत नाही. ‘मी शिकवते आजोबा, तपासत नाही. पण ते ऑपरेशन व्हायच्या आत हे डॉक्टरांना कळायला पाहिजे. गादी सरकलेली असेलही, या वयात पुष्कळांची असते. पाय तिच्यामुळंच अडलेत का, हा प्रश्न आहे.’

प्र.चं विचारलं. खरं सांगा म्हणालो.

‘तसा आजार असेल तर वडलांकडून मुलाला यायची शक्यता निम्मी. छापा-काटा.’

‘दि.चा काटा पडला.’

‘तिचा कुणी टाकलेला नाही अजून. तुम्ही टाकू नका.’

उठलो. दारात म्हणाल्या, ‘उशीर झाला असं समजू नका. तारीख तीस आहे ना?’

१४ ऑगस्ट, बुधवार.

दि.ला फोन केला. कागदावर लिहून घेतलं होतं, ते वाचूनच दाखवलं. नाहीतर फाटे फुटतात.

दि. म्हणाला, ‘आईला माहीत व्हतं?’

‘हाव.’

‘सव्वीस वर्षं, दादा.’

‘हाव.’

‘मी त्या डॉक्टरला तोंडावर खोटं सांगून आलो. तुमच्यामुळं. शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवून राहिलो मी.’

फोन त्यानंच ठेवला. तासाभरानं सुनबाईचा आला. ‘दादा, दुसऱ्या डॉक्टरची वेळ घेतलीय, नसांच्या. मंगळवारी. तुमाला बी बोलवलंय. गोळ्या घेऊन या.’ आवाज रोजच्यासारखा. एवढ्यावर बरं वाटलं.

प्र.ला अजून सांगितलं नाही. तिची परीक्षा रविवारी.

२० ऑगस्ट, मंगळवार. नांदेड.

सकाळच्या गाडीनं आलो. ड्रायव्हर पोरगा चांगला, गतिरोधकावर गाडी उचलून ठेवल्यासारखी नेतो.

डॉक्टर तरुण, सावकाश बोलणारे. दि.च्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली, पाय उडाला. मग म्हणाले, आता आजोबा बसा. माझाही उडाला, दि.पेक्षा उंच. दोघांच्या तळव्यांवर किल्लीनं रेघ ओढली, दोघांचेही अंगठे वर; खाली वळायला हवे होते म्हणे.

‘तुमचे वडील कसे चालायचे?’

सांगायला लागलो तर शब्द सापडेनात. म्हणालो, दाखवू का. काठी दि.कडं दिली. गुडघे घासत, टाचा उचललेल्या, पाय कमरेतून फेकत चाललो. वडलांची नक्कल करायला उठलो होतो. चार पावलांनंतर नक्कल करावी लागलीच नाही. काठी नसली की मी असाच चालतो. खोलीच्या टोकाला जाऊन वळलो, तर दि. भिंतीला हात टेकून उभा. काठी पुढं करत म्हणाला, ‘बसा, दादा.’ चौदा तारखेनंतर पहिल्यांदा ‘दादा’ म्हणाला.

डॉक्टरांनी कागदावर घराणं काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. वडील, आत्या, मी, दि. यांचे काळे केले. प्र.चा गोल तसाच ठेवला. मी विचारलं, तिचंही रक्त घेता का. नाही म्हणाले. मुलीला काही त्रास नाही, सतरा वर्षांची आहे. अठरा झाल्यावर तिला वाटलं तर ती येईल. तुम्ही आणायचं नाही.

ऑपरेशन पुढं ढकललं. दि.चं रक्त घेतलं. रिपोर्टला पाच-सहा आठवडे.

२२ ऑगस्ट, गुरुवार. लातूर.

प्र.ला सांगितलं. दुपारी, जेवण झाल्यावर. ती ताट हातात घेऊन उभी राहिली, मी सांगेपर्यंत.

‘म्हणून माझे बूट बघितले तुम्ही त्या दिवशी.’

गंगाबाईंनी सांगितलं असणार.

‘पप्पांचं ऑपरेशन झालं असतं तर?’

‘म्हणून सांगितलं.’

‘जरा उशिरा सांगितलं, आबा.’

ताट घासलं, क्लासला गेली. चार वाजता यायची ती साडेसहाला आली. मॅडमकडं बसली होती. माझ्याशी बोलली नाही, पण पुस्तक आणून माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटले. दुसराच पाठ होता, झाडांचा. एकदाही अडली नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार.

दि. रोज भिंतीला पाय लावून ताण देतो, डॉक्टरांनी दाखवलं तसं. गोळी सुरू आहे, कडकपणा जरा कमी. मूळ दोषावर औषध नाही. मॅडमना पुन्हा विचारलं, हो म्हणाल्या, आज नाही. मग न विचारता म्हणाल्या, ‘मी होते तिथं आम्ही एकेक मोटार काचेवर ठेवून बघायचो. बसलेली कोणती, उठलेली कोणती. दिवसभर. घरी विचारायचे, याचा उपयोग काय. मला सांगता यायचं नाही.’

परत जावंसं वाटतं का, असं विचारणार होतो. त्यांची आई आतून हाक मारून राहिली होती.

प्र. बोलते आता. काल म्हणाली, चालायला जाऊ. कोपऱ्यापर्यंत गेलो. ती माझ्या पायांकडं बघत होती, मी तिच्या. दोघांच्याही लक्षात आलं. ‘पुढं बघून चला आबा, गटार हाय.’

३० सप्टेंबर, सोमवार.

सासरवाडी. पुनर्वसनाच्या गावात दर वर्षी या तारखेला गेलेल्यांना श्रद्धांजली, आणि मला शाल-नारळ. ‘यांनी पाय दिले’ असं किसन माईकवर सांगतो. यंदा जाऊ नये म्हणून ताप आहे का ते तीनदा पाहिलं. नव्हता.

आधी किसनच्या घरी गेलो. सुपारी कातरत बसला होता.

‘किसनराव, माझे पाय त्या पहाटे गेले नाहीत. आधीच जात होते.’

‘आधी म्हंजे?’

‘दोन वर्षं. घरात चालत आलेलं आहे. धोंड्यानं भर घातली असंल.’

अडकित्ता थांबला. ‘म्हंजे त्या पहाटे बी पाय असेच व्हते?’

‘इतके नाही. पण होते.’

‘अन् तसल्या पायांनी तुमी दोनदा आत शिरलात.’

‘शिरलो.’

‘मग हे मला कशाला सांगून राहिले दाजी? शाल नको का?’

‘शाल घेतो. माईकवर पायांचं बोलू नका.’

‘न्हाई बोलत.’

माईकवर गेला आणि पहिलं तेच बोलला. आमच्या दाजींचे पाय आधीच अधू व्हते, तरी बी… वगैरे. दर वर्षीपेक्षा टाळ्या जास्त. मान खाली घालून बसलो. आता ही दुसरी गोष्ट तयार झाली. खरी की खोटी ठरवता येईना. त्या पहाटे मी पायांचा विचार केला नव्हता. रुक्मिण रडत होती, आवाज डावीकडून येत होता, एवढंच आठवतं. रुक्मिणीनं आज पाया पडून डबा दिला, शेंगांची पोळी.

या खेपेला मान हलवली नाही. तेवढं लिहून ठेवतो.

१० ऑक्टोबर, गुरुवार.

रिपोर्ट आला. दि.नं प्र.च्या मोबाइलवर पाठवला. तिनं आणि मॅडमनी वाचला, मी मधे बसलो.

बदल सापडला आहे. मोटारीच्याच नकाशात, म्हणजे जनुकात. पण हा बदल याआधी कुणात पाहिल्याची नोंद नाही. आजार त्याच्यामुळंच की तो नुसताच बसलेला आहे, हे सांगता येत नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. मॅडमनी पेन्सिलीनं चित्र काढलं. मोटार दुमडून शेपटी पायांवर ठेवते ना, नेमकी ती शेपटी.

‘म्हणजे आमच्या मोटारी बसत नाहीत?’

‘असेल. कुणीतरी काचेवर ठेवून बघितल्याशिवाय मी म्हणणार नाही.’ चित्राकडं बघत राहिल्या. ‘माझ्या जुन्या लोकांना लिहून बघते.’

डॉक्टरांनी निरोप दिला आहे. माझं रक्त लागेल. घराण्यात आणखी कुणाचे पाय तसे असतील, त्यांचंही. बदल सगळ्या अधू पायांत निघाला आणि चांगल्या पायांत नाही निघाला, तर काहीतरी म्हणता येईल. तोपर्यंत प्र.नं तपासूनही उपयोग नाही, काय निघालं ते कळणारच नाही.

प्र. म्हणाली, ‘म्हणजे मी अठराची झाले तरी थांबायचं.’

‘हो,’ मॅडम म्हणाल्या.

‘कुणासाठी?’

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. सखूआत्याचा मुलगा नामदेव आहे, कंधारजवळ. वीस वर्षांत बोललो नाही. भांडण नाही, राहूनच गेलं.

१३ ऑक्टोबर, रविवार.

दोन दिवसांत चौघांना विचारून नंबर मिळाला. दुपारी फोन केला. प्र. शेजारी बसून होती. नामदेवला ओळख पटायला वेळ लागला. मग लई बोलला. पोरं काय करतात, सोयाबीन काढणीला आलंय, कंधारला तलाव भरलाय. जयभीम घालून फोन ठेवतच होता.

म्हणालो, ‘नामदेव, पाय कसे आहेत तुझे?’

‘पाय व्हय? ते गेले की दादा. बारा वर्षं झाली. हिरीत पडलो व्हतो मी, तवापासून ओढत्यात. तुमाला कुणी सांगितलं न्हाई?’

प्र.नं माझा हात धरला.

विचारलं, ‘विहिरीत पडलास कशानं?’

‘कशानं म्हंजे?’

‘पाय घसरला, का कुणी ढकललं, का दुसरं काही?’

तिकडं मागं कुठं तरी शेळी ओरडत होती.

‘थांबा दादा,’ नामदेव म्हणाला. ‘आठवू द्या.’